जीएसटी नोंदणी : कोल्हापूरच्या व्यावसायिकांनी काय तपासावे, काय सांभाळावे

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी जुन्या विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, आला आणि १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तू व सेवांवर त्याची जागा वस्तू व सेवाकराने, म्हणजे जीएसटीने, घेतली. असे असूनही व्हॅट पूर्णपणे संपला का, ४० लाखांच्या आत उलाढाल असल्यास काहीच करावे लागत नाही का, निपाणीच्या दुकानदाराला माल दिला तर काय होते, हे प्रश्न व्यापारी, कारागीर आणि लहान कारखानदार वारंवार विचारताना दिसतात. या दोन्ही करांचे मूळ सूत्र एकच आहे: विक्रीवर कर गोळा करावा, खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करावा आणि उरलेला फरक शासनाकडे भरावा. खरेदीवरील कराच्या या वजावटीलाच इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. नोंदणीचा निर्णय केवळ उलाढालीच्या आकड्यावर अवलंबून नसून आपला ग्राहक कोण आहे आणि माल कोठे पोहोचतो यावरही तितकाच अवलंबून असतो, हे लक्षात ठेवून पुढील टप्पे क्रमाने पाहावेत.

प्रथम कोणता कर लागू होतो ते ठरवावे

पेट्रोल, डिझेल आणि पिण्याचे मद्य या वस्तूंवर आजही महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२ नुसार व्हॅटच आकारला जातो. त्यामुळे पेट्रोल पंप, वाइन शॉप किंवा परमिट रूम चालवणाऱ्यांना व्हॅटची नोंदणी ठेवावी लागते. परमिट रूममध्ये जेवणही दिले जात असेल, तर मद्यावर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी असे दोन वेगळे हिशेब सांभाळावे लागतात. चप्पल, कापड, चांदीचे दागिने, कास्टिंग, मशीनचे सुटे भाग, हॉटेल, वाहतूक, दुरुस्ती अशा इतर व्यवसायांचा संबंध जीएसटीशीच येतो. पुढील विवेचन त्यांच्यासाठी आहे.

नोंदणी बंधनकारक केव्हा होते

महाराष्ट्रातील व्यावसायिकाला पुढील मर्यादा लागू होतात:

- फक्त वस्तूंची विक्री असल्यास: आर्थिक वर्षातील एकूण उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा जास्त झाल्यावर. ही सवलत १ एप्रिल २०१९ पासून आहे. आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखू यांसारख्या काही वस्तूंच्या उत्पादकांना ती मिळत नाही.
- फक्त सेवा, किंवा वस्तूंबरोबर सेवाही असल्यास: २० लाख रुपयांपेक्षा जास्त झाल्यावर.
- परराज्यात करपात्र वस्तूंची विक्री असल्यास: उलाढाल कितीही असली तरी पहिल्या विक्रीपासून.

दुसऱ्या प्रकाराकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. वर्षाला ३० लाखांचे हार्डवेअर विकणाऱ्या दुकानदाराने वरच्या मजल्यावरील गाळा एखाद्या कार्यालयाला भाड्याने दिला असेल, तर गाळ्याचे भाडे ही करपात्र सेवा असल्यामुळे त्याला ‘फक्त वस्तू विकणारा’ म्हणता येत नाही. त्याची मर्यादा ४० ऐवजी २० लाखांवर येते आणि त्याने नोंदणी घेणे आवश्यक ठरते. बँकेतील ठेवीवर मिळणाऱ्या व्याजामुळे मात्र ही सवलत जात नाही.

एकूण उलाढाल कशी मोजावी

कायद्यातील ‘एकूण उलाढाल’ म्हणजे एकाच पॅन क्रमांकावर देशभरात झालेली करपात्र विक्री, करमुक्त विक्री आणि निर्यात यांची बेरीज होय. तीत गोळा केलेला कर धरला जात नाही, परंतु करमुक्त माल धरला जातो. श्री शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या व्यापाराचे उदाहरण घेतल्यास हे नेमके कळते. सुट्या गुळावर जीएसटी नाही, तर आधीच वेष्टनात भरून लेबल लावलेल्या किरकोळ विक्रीच्या गुळावर ५ टक्के कर आहे. एखादा व्यापारी वर्षाला ३६ लाखांचे सुटे रवे आणि ६ लाखांचा लेबल लावलेला गूळ विकत असेल, तर त्याचा करपात्र माल जेमतेम ६ लाखांचा असला तरी एकूण उलाढाल ४२ लाख होते आणि नोंदणी बंधनकारक ठरते. कर मात्र ६ लाखांवरच, म्हणजे ३० हजार रुपये, बसतो. तोच व्यापारी केवळ सुटा गूळ विकत असता, तर संपूर्ण विक्री करमुक्त असल्याने उलाढाल एक कोटीवर गेली तरी त्या विक्रीसाठी नोंदणी घ्यावी लागली नसती.

गुळाच्या बाबतीत आणखी एक भेद जाणून घेणे हिताचे आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या १५ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार गूळ हा प्रक्रिया केलेला पदार्थ असल्याने करकायद्याच्या व्याख्येतील ‘शेतमाल’ ठरत नाही. म्हणून गुळाची साठवण, चढउतार किंवा पॅकिंग करून देणाऱ्यांना शेतमालाच्या सेवांची करमाफी मिळत नाही, आणि अशी सेवा देणाऱ्याने २० लाखांची मर्यादा डोळ्यांसमोर ठेवावी.

सीमेपलीकडची विक्री

कागल ओलांडले की कर्नाटक सुरू होते आणि निपाणी, संकेश्वर, बेळगाव येथील ग्राहक कोल्हापूरच्या बाजारपेठेला नवे नाहीत. परंतु जीएसटीच्या दृष्टीने ही विक्री आंतरराज्य ठरते. तिच्यावर केंद्र व राज्य यांच्या दोन निम्म्या करांऐवजी एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी, आकारावा लागतो. येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात:

- माल आपण पाठवत असल्यास: टेम्पोने, कुरिअरने किंवा पार्सलने परराज्यात पोहोचवलेला करपात्र माल ही आंतरराज्य विक्री असते. समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकून गोव्याच्या किंवा बंगळूरच्या ग्राहकाला चपलांचा एक जोड पाठवला, तरी हाच नियम लागू होतो.
- ग्राहक दुकानात येऊन माल नेत असल्यास: नोंदणी नसलेल्या ग्राहकाचा पत्ता बिलावर घेतला नसेल, तर दुकानाचे ठिकाण हेच विक्रीचे ठिकाण मानले जाते आणि ती राज्यांतर्गत विक्री होते.
- हस्तकलेच्या वस्तू असल्यास: अधिसूचित यादीतील हस्तकला वस्तू परराज्यात विकणाऱ्या कारागिराला २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, त्यासाठी पॅन असणे आणि प्रत्येक खेपेबरोबर ई-वे बिल काढणे आवश्यक असते. आपल्या वस्तूचा एचएसएन क्रमांक, म्हणजे वस्तूंच्या वर्गीकरणाचा संकेतांक, त्या यादीत आहे याची खात्री करूनच ही सूट घ्यावी. भौगोलिक मानांकन मिळाले म्हणजे ही सूट आपोआप मिळते असे नाही.

सेवांना हा कडक नियम लागू नाही. परराज्यातील ग्राहकाला सेवा देणाऱ्या आरेखनकाराला किंवा संगणक व्यावसायिकाला २० लाखांपर्यंत नोंदणी घ्यावी लागत नाही.

नियमित पद्धत की कॉम्पोझिशन

मागील वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असणाऱ्या व्यापारी व उत्पादकांना कॉम्पोझिशन, म्हणजे ठोक दराने कर भरण्याची योजना, निवडता येते. व्यापारी व उत्पादकांसाठी दर १ टक्का आणि उपाहारगृहांसाठी ५ टक्के आहे. इतर सेवा देणाऱ्यांना ५० लाखांपर्यंत ६ टक्के दराने अशीच सोय आहे. या योजनेत ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही.

चप्पल लाइनमधील एखाद्या दुकानाची वार्षिक विक्री ६० लाख असून सर्व ग्राहक किरकोळ आहेत, प्रत्येक जोडाची किंमत २,५०० रुपयांच्या आत आहे आणि माल नोंदणी नसलेल्या कारागिरांकडून येतो, असे मानावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पादत्राणांवर ५ टक्के दर आहे. दुकानाने नियमित पद्धत स्वीकारून करासह त्याच किमती ठेवल्या, तर ६० लाखांत सुमारे २ लाख ८६ हजार रुपये कराचे असतील आणि कारागिरांच्या खरेदीवर कर भरलेलाच नसल्याने त्यातून वजावट फारशी मिळणार नाही. कॉम्पोझिशनमध्ये त्याच विक्रीवर ६० हजार रुपये भरावे लागतील. या दुकानाला कॉम्पोझिशन सोयीचे आहे, पण परराज्यातून ऑनलाइन मागणी घेण्याचा विचार असेल तर ते उपयोगाचे नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कास्टिंग तयार करणाऱ्याचे गणित नेमके उलटे असते. त्याचा ग्राहक नोंदणीकृत कारखाना असून त्याला कराची वजावट हवी असते आणि कॉम्पोझिशनमधील विक्रेत्याच्या बिलावर ती मिळत नाही. म्हणूनच उलाढाल मर्यादेच्या आत असतानाही अशा व्यावसायिकाने स्वेच्छेने नियमित नोंदणी घेणे बहुधा फायद्याचे ठरते. एकदा स्वेच्छेने नोंदणी घेतली की पहिल्या रुपयापासून कर आकारण्याचे आणि विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरण्याचे बंधन येते, याची जाणीव ठेवावी.

अर्जाचे टप्पे

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा. उशीर झाल्यास कराची जबाबदारी मर्यादा ओलांडलेल्या दिवसापासून राहते, तर नोंदणी मात्र मंजुरीच्या दिवसापासून लागू होते. नोंदणी न घेणाऱ्यास १० हजार रुपये किंवा चुकवलेला कर यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. अर्जासाठी कोणतेही सरकारी शुल्क नाही.

१. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन, मोबाइल क्रमांक व ई-मेल देऊन तात्पुरता संदर्भ क्रमांक घ्यावा. तो १५ दिवस टिकतो.
२. त्या मुदतीत अर्जाचा दुसरा भाग भरून व्यवसायाचे स्वरूप, मुख्य वस्तू व सेवांचे संकेतांक आणि जागेचा तपशील द्यावा. कॉम्पोझिशन हवे असल्यास ते याच अर्जात निवडावे.
३. आधार पडताळणी करावी. ती मोबाइलवरील ओटीपीने होते किंवा जीएसटी सुविधा केंद्रात बोटांचे ठसे देण्यासाठी वेळ ठरवून मिळते.
४. अर्ज निर्दोष असल्यास ७ कामकाजी दिवसांत आणि जागेची प्रत्यक्ष तपासणी ठरल्यास ३० दिवसांत निर्णय व्हावा लागतो.
५. त्रुटीची नोटीस आल्यास ७ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे. उत्तर न दिल्यास अर्ज फेटाळला जातो.

नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवरील कर महिन्याला अडीच लाखांपेक्षा कमी राहणार असेल, अशा लहान करदात्यांसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून ३ कामकाजी दिवसांत नोंदणी देणारा सोपा मार्गही उपलब्ध आहे.

सर्वाधिक अडचण जागेच्या पुराव्यावर येते. त्याबाबत पुढील कागद पुरेसे असतात:

- स्वतःची जागा: घरफाळ्याची पावती किंवा वीजबिल यांसारखा एक पुरावा.
- भाड्याची जागा: भाडेकरार आणि मालकाच्या नावाचा तसाच एक पुरावा, करार नोंदवलेला नसल्यास मालकाचे ओळखपत्रही.
- आई-वडील, पती-पत्नी किंवा नातेवाइकाच्या नावावरील जागा: साध्या कागदावरील संमतिपत्र, संमती देणाऱ्याचे ओळखपत्र आणि मालकीचा पुरावा.

अर्जात मोबाइल क्रमांक व ई-मेल स्वतःचाच द्यावा. कर सल्लागाराचा क्रमांक दिला की ओटीपी, नोटिसा आणि परताव्याचे संदेश त्याच्याकडे जातात, आणि सल्लागार बदलण्याची वेळ आली की स्वतःच्याच खात्यात प्रवेश करणे अवघड होते.

नोंदणीनंतरचे पहिले तीस दिवस

मिळालेला १५ अंकी-अक्षरी क्रमांक तपासून पाहावा: पहिले दोन अंक २७ म्हणजे महाराष्ट्र आणि पुढील दहा स्थानी आपला पॅन असतो. त्यानंतर पुढील कामे उरकावीत:

- बँक खात्याचा तपशील ३० दिवसांत, किंवा विक्रीचे पहिले विवरणपत्र भरण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा भरावा. अन्यथा नोंदणी निलंबित होऊ शकते.
- नियमित करदात्याने नोंदणी लागू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या शिल्लक मालावरील कराची वजावट आयटीसी-०१ या नमुन्यात मागावी. संबंधित बिल एक वर्षापेक्षा जुने नसावे. मागणीची ही तीस दिवसांची मुदत हुकली की हक्काची रक्कम जाते.
- प्रमाणपत्र दर्शनी भागात आणि क्रमांक नामफलकावर लावावा. कॉम्पोझिशन असल्यास तसा उल्लेख फलकावर व बिलावर करावा.
- जागा, भागीदार किंवा व्यवसायाचे नाव बदलल्यास १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करावा.

विवरणपत्रांचे वेळापत्रक

- मासिक पद्धत: विक्रीचे जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, कर भरण्याचे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत.
- तिमाही पद्धत (५ कोटींपर्यंतच्या उलाढालीसाठी): जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत, पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरावा लागतो. विवरणपत्र तिमाही असले तरी कर मासिकच असतो.
- कॉम्पोझिशन: तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ आणि वर्षाचे जीएसटीआर-४ हे ३० जूनपर्यंत.

उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये, व्यवहार शून्य असल्यास २० रुपये विलंबशुल्क ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत लागते आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज बसते. लागोपाठ दोन कालावधींची विवरणपत्रे थकली तर ई-वे बिल निघणे बंद होते, म्हणजे माल दारातच अडकतो. तीन वर्षांहून जुने विवरणपत्र तर भरताच येत नाही.

खरेदीवरील वजावट घेण्याआधी १४ तारखेस संकेतस्थळावर तयार होणारे जीएसटीआर-२बी हे विवरण उघडून आपल्याकडील प्रत्येक बिल त्यात दिसते का ते ताडून पाहावे. विक्रेत्याने आपले विवरणपत्र भरले नसेल, तर बिल हातात असूनही वजावट मिळत नाही. शिवाय १८० दिवसांत विक्रेत्याला पैसे न दिल्यास घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते.

येथील उद्योगांत वारंवार होणाऱ्या चुका

- भंगाराची खरेदी: १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत फौंड्रीने त्यावरील कर स्वतः भरायचा असतो. विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याच्या या पद्धतीला रिव्हर्स चार्ज म्हणतात. हा कर रोखीने भरावा लागतो, पण नियमानुसार नंतर त्याची वजावट मिळते.
- गाळ्याचे भाडे: त्याच तारखेपासून नोंदणी नसलेल्या मालकाच्या व्यापारी जागेच्या भाड्यावर नियमित करदात्या भाडेकरूने १८ टक्के कर याच पद्धतीने भरावा लागतो. मालकाकडे जीएसटी क्रमांक नाही म्हणून भाड्यावर कर नाही, हा समज चुकीचा आहे.
- जॉबवर्क: मजुरीवर काम करणाऱ्याच्या उलाढालीत केवळ त्याची मजुरी धरली जाते, मालाची किंमत नाही. मालकाने पाठवलेला कच्चा माल एका वर्षात व यंत्रे तीन वर्षांत परत यावी लागतात. साचे, डाय, जिग आणि फिक्श्चर यांना ही मुदत लागू नाही. प्रत्येक खेपेसाठी चलन करावे.
- ई-वे बिल: साधारण मर्यादा ५० हजार रुपये असली, तरी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती १ लाख आहे. जॉबवर्कसाठी सूत, कापड व कपड्यांची राज्यातील ५० किलोमीटरपर्यंतची वाहतूक मूल्य कितीही असले तरी सूटपात्र आहे आणि इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना तिचा थेट उपयोग होतो. राज्याची सीमा ओलांडली की या सवलती संपतात, आणि जॉबवर्कचा माल परराज्यात जात असेल तर मूल्य कितीही कमी असले तरी ई-वे बिल लागते.
- ई-इन्व्हॉइस: २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही वर्षी उलाढाल ५ कोटींवर गेली असेल, तर नोंदणीकृत ग्राहकांची बिले शासकीय पोर्टलवर नोंदवूनच द्यावीत.

आपले हक्क

करदाता म्हणून आपल्यावर जशी बंधने आहेत तसेच कायद्याने दिलेले हक्कही आहेत, आणि ते माहीत नसल्यामुळे अनेकजण विनाकारण तडजोड करतात.

- केंद्रीय मंडळाच्या १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार केंद्रीय अधिकाऱ्यांनी ठरलेल्या यादीबाहेरचे कागद मागू नयेत. भागीदारी संस्थेकडून उद्यम प्रमाणपत्र किंवा दुकान परवान्याची सक्ती करता येत नाही.
- ठरलेल्या मुदतीत अधिकाऱ्याने काहीच कार्यवाही केली नाही, तर अर्ज मंजूर झाला असे कायदा मानतो.
- प्रतिकूल आदेश देण्यापूर्वी सुनावणी मिळणे हा हक्क आहे; लेखी उत्तरात तिची स्पष्ट मागणी करावी.
- झडतीच्या वेळी अधिकाऱ्याचे ओळखपत्र व लेखी अधिकारपत्र पाहण्यास मागावे. जागेवरच कर भरण्यासाठी दबाव आणता येत नाही.
- नोंदणी रद्द करण्याच्या नोटिशीला ७ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे. रद्द झालीच, तर आदेशापासून ९० दिवसांत ती पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करता येतो.
- कर आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत पहिले अपील करता येते आणि त्यासाठी वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम भरावी लागते. रिट याचिकेची वेळ आली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच कार्यरत आहे.

नोटिसा संकेतस्थळावर ठेवल्या की त्या बजावल्या असे मानले जाते आणि काही नोटिसा ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस’ या वेगळ्या कप्प्यात असतात. म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही ठिकाणे स्वतः पाहावीत.

नोंदणी नको असेल तर

व्यवसाय बंद झाला किंवा उलाढाल कायम मर्यादेखाली आली, तर विवरणपत्रे भरणे सोडून न देता रीतसर रद्द करण्याचा अर्ज करावा आणि नियमित करदात्याने तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे. हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे.

कॉम्पोझिशनचा पर्याय नव्या आर्थिक वर्षासाठी ३१ मार्चपर्यंतच निवडावा लागतो. त्यामुळे दरवर्षी मार्च महिन्यात वर्षभराची एकूण उलाढाल, परराज्यात गेलेला माल, वजावट मागणारे ग्राहक आणि रिव्हर्स चार्जच्या खरेद्या या चार गोष्टी एका कागदावर मांडून पद्धत तीच ठेवायची की बदलायची हे ठरवावे. सल्लागाराची मदत जरूर घ्यावी, परंतु विवरणपत्रातील आकड्यांची कायदेशीर जबाबदारी व्यावसायिकाचीच असल्याने ते आकडे स्वतः वाचून आणि समजून घेतल्याशिवाय मंजुरीचा ओटीपी कोणालाही देऊ नये.